होडीत अंडं न्यायचं नाही

दापोडीच्या घाटावरून जलपर्णी काढायला ज्या होड्या निघतात, त्यांतल्या माणसांचे खाण्याचे नियम ऐकले तर लग्नातले मानपान परवडले म्हणाल. भाकरीचा पहिला तुकडा पाण्याला. दहीभात न्यायचा नाही, त्याच्या मागे नको ते येतं. मटणाचा डबा असेल तर त्यात कोळशाचा खडा. हे नियम कुणी घातले, कधी घातले, विचारून बघा. सगळे एकमेकांकडे बघतात. पण एक नियम नवा आहे आणि तोच सगळ्यांत कडक पाळला जातो. होडीत अंडं न्यायचं नाही. तो मात्र कुठून आला हे अख्ख्या घाटाला पाठ आहे. तो शालनबाईंच्या डब्यातून आला.

शालनबाईंचे यजमान उद्धव याच होडीवर होते. पुलाच्या खांबांना जलपर्णीची मुळं विळखा घालतात, ती तोडायला माणूस पाण्यात उतरवावा लागतो. उद्धव कमरेला दोर बांधून उतरायचे. दोराचं दुसरं टोक होडीत सोपानरावांच्या हातात. दोराला हिसका बसला की ओढून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी शालनबाईंनी डब्यात भाकरी, कागदाच्या पुडीत मीठ आणि दोन उकडलेली अंडी दिली. दुपारी उद्धव बुडाले. काठावर सोपानराव डोकं धरून बसले होते, लोक खोदूनखोदून विचारत होते, तेव्हा ते एवढंच बोलले की आज डब्यात अंडी होती.

लोकांना तेवढं पुरलं. नदीला अंडं चालत नाही, असं संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं. पुढच्या अमावास्येला कुणीतरी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उद्धवच्या नावानं उकडलेलं अंडं ठेवलं, आणि तेव्हापासून दर अमावास्येला ठेवतात.

खरं तर शालनबाईंचं घर बौद्ध. वडील कारखान्यात कामगार, विहारात नेमानं जाणारे. नजर, भूत, करणी असल्या गोष्टींना त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही. अशा बापाच्या लेकीनं अंड्याला भ्यावं? पण माणसाला आतून काय पोखरतं ते बापाला विचारून पोखरत नाही. मारुंजीत आयटीवाल्या पोरांच्या मेसमध्ये त्या पोळ्या करतात. तिथं अंडाकरीचा वार असला की शालनबाई लाटणं ठेवून जिन्यात जाऊन बसतात. घरात तर आठ वर्षांत अंडं आलेलं नाही. आणि तरी पहाटे पहाटे त्यांना आवाज येतो, उकळत्या पाण्यात अंडी एकमेकांवर हलकेच आपटतात तसा. उठून बघावं तर गॅस बंद, पातेलं पालथं. हात लावून बघावं तर गार.

लोक वाईट वागत नव्हते, तेच जास्त लागायचं. घाटावरच्या बायका प्रेमानं बोलायच्या, पण बारशाला, जेवणावळीला शालनबाईंनी पिठात हात घातला की कुणीतरी म्हणायचं, राहू द्या, तुम्ही बसा. त्या बसायच्या. घरी आल्यावर स्वतःच्या हातांकडे बघायच्या.

हेही चाललं असतं. पण यंदा मुलगा प्रीतम चाकणच्या कंपनीतून घरी बसला. कंत्राटावरच्या पोरांना ब्रेक देतात तसा त्यालाही दिला. महिनाभर तो फोन घेऊन गॅलरीत उभा राहिला आणि एका शनिवारी सांगत आला की सोपानकाकांनी होडीवर घेतलंय, सोमवारपासून जायचं. कमरेला दोर बांधून उतरायचं काम. दोर काकाच धरणार.

शालनबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. प्रीतमनं ती उचलून दिली आणि हसून म्हणाला, "आई, अंडं नको देऊस म्हणजे झालं. बाकी काही होत नाही."

रात्रभर त्यांना तो आवाज येत राहिला. रविवारी सकाळी उठून त्या दुकानात गेल्या आणि दोन अंडी मागितली. आपण चुकीचं ऐकलं असं दुकानदाराला वाटलं, त्यांना परत मागावी लागली. घरी येऊन उकडली. ज्या माणसासमोर हे सगळं घडलं, त्यानं आपल्या हातचं अंडं खाल्लं आणि तरी नदी जागच्या जागी राहिली, तर आपण पोराला पाठवू. नाहीतर पाय धरू, पण जाऊ देणार नाही. असं मनाशी ठरवून त्यांनी डबा भरला.

सोपानराव ओसरीवर एकटेच होते. गावातले जुने माणूस, आता साठीला टेकलेले. शालनबाईंनी डबा उघडून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, खा. माझ्यासाठी खा."

त्यांनी डब्यात पाहिलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. मग बराच वेळ ते आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

"वैनी, त्यानं अंडं खाल्लंच न्हाई," ते म्हणाले. "मी खाल्लं. त्यो म्हणला, तू खाऊन घे, मी एवढा खांब उरकतो. मी दोर पायाखाली दाबला. अंडं सोलायला दोन हात लागत्यात."

शालनबाईंचा हात डब्याच्या झाकणावर गेला.

"हिसका बसला. मला कळला बी. पर हातातलं टाकून वाकेस्तवर दोर गेला. मग लोकं इचारत व्हती, आन् मला दुसरं काय सुचंना."

आठ वर्षं ही बाई स्वतःच्या हातांना भीत होती आणि दोष एका पायाचा होता. त्यांना इतका राग आला की डोळ्यांपुढे ओसरी फिरली. पण ओरडायची सवय नव्हती. त्यांनी डबा झाकला आणि दोन गोष्टी सांगितल्या: उद्यापासून दोर तुम्ही धरायचा नाही, आणि का धरायचा नाही ते होडीवर सगळ्यांना तुम्हीच सांगायचं. सोपानरावांनी मान हलवली.

त्या निघाल्या तेव्हा अंग हलकं झालं होतं. रेल्वेच्या फाटकापाशी गर्दीत उभ्या असताना एकदम आठवलं. उद्धवला डब्यात अंडी द्यायची असली की त्या नेहमी सोलून, मीठ लावून द्यायच्या. त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं, मेसला उशीर होत होता, म्हणून मीठ पुडीत बांधलं आणि अंडी तशीच टरफलासकट टाकली. सोललेलं असतं तर एका हातानं खाता आलं असतं.

फाटक उघडलं, लोक पुढे गेले. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

सोपानरावांनी शब्द पाळला, सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं. शिव्याही खाल्ल्या. आता प्रीतमचा दोर दोघं धरतात आणि पाण्यात माणूस असेपर्यंत होडीत कुणी डबा उघडत नाही. पण गंमत बघा, अंड्याचा नियम काही गेला नाही. उलट जास्तच पक्का झाला. आता त्याला कारणही मिळालं. आणखी दहा वर्षांनी कारण विसरतील आणि नियम तेवढा राहील.

पुढच्या अमावास्येला उजेड असतानाच शालनबाई घाटावर गेल्या. शेवटच्या पायरीवर कुणीतरी आधीच अंडं ठेवून गेलं होतं, दरवेळसारखं, टरफलासकट. त्या खाली बसल्या. ते उचललं, पायरीवर हलकेच आपटलं आणि सावकाश सोललं, एकही कपची राहू दिली नाही. पदराच्या गाठीतून मीठ काढून लावलं. मग ते पाण्याजवळ ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या. उशीर झाला."