लोणच्याच्या बरणीतले भुंगे

कोपर खाजवत "जरा सबर करा, सर" म्हणणारा माणूस शेजारी असला, की आपली सबुरी किती टिकते ते तुम्हीही एकदा पाहाच. माझी पहिल्याच वर्षी संपली.

मस्तगड भागात त्यांच्या आणि माझ्या घराच्या मधे एक रिकामा प्लॉट होता. त्यात कमरेएवढं गाजर गवत. त्यानं माझ्या मुलीच्या हातापायांवर चट्टे उठायचे, पोरगी खाजवून रडकुंडीला यायची. गवत उपटायला मी बायका बोलावल्या, की हे गृहस्थ आडवे.

ते बदनापूरला शेतीखात्यात नोकरीला होते. तिथून हे गवत खाणारे भुंगे आणायचे, पांढुरके, पाठीवर तपकिरी रेघांचे. तेही बायकोच्या लोणच्याच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून. बरणी आडवी करून ते एकेक भुंगा पानावर सोडत आणि मला दटावत, "उपटलं तर हे खातील काय?"

उन्हाळ्यात गवत वाळलं. म्हटलं, आता तरी प्लॉट खणून टाकू.

"न्हाई न्हाई, सर! खाली मातीत झोपून राह्यलेत ते. पावसाळ्यात बराबर वर येतात."

"मागच्या वर्षी कुठे आले?"

"कमी पडले. मंग औंदा जास्त आणले ना!"

"माझी बरणी आणा आधी!" ओट्यावरून त्यांची बायको ओरडली. कैऱ्या चिरून तयार होत्या.

भर मे महिन्यात हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. एकदा बाही वर सरकली. कोपरापर्यंत कातडी तडकली होती. मी चिडून म्हटलं, "अहो, आधी दवाखान्यात जा!"

"जातो की. हे भुंगे एकदा लागू पडले, की जातो."

गेले नाहीत. त्याच उन्हाळ्यात हृदय बंद पडून ते वारले. आता मला अडवणारं कुणी नव्हतं, पण बायका बोलवाव्यात असं काही वाटेना.

श्रावणात प्लॉटमध्ये नुसत्या काड्या उरल्या आणि काड्याकाड्यांवर भुंगे. मुलीचे चट्टे सुकले. एका सकाळी त्यांची बायको धुतलेली बरणी घेऊन दारात आली.

"आमच्या अंतरवालीच्या शेताच्या बांधावर सोडायचे म्हणत व्हते. भरून देता का, सर?"

बाह्या खाली ओढून मी गवतात उकिडवा बसलो. एकेक भुंगा बरणीत टाकत गेलो. बरणी भरली तेव्हा माझे हात आगीसारखे खाजत होते, आणि ज्याच्यावर मनसोक्त ओरडावं तो माणूस शेजारी नव्हता.