वाळूवरचं गोल्फ आणि रोजचा डबा

मंडळी, सध्या मी परदेशात मुलाकडे आलेय. आज ऑफिसला सुट्टी आहे म्हणत तो मला शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरात गोल्फ दाखवायला घेऊन गेला.

मैदान बघण्यासारखं. भोकाभोवती गवत नाही, वाळू. राखणदार नाही. खेळून झालं की आपली पावलं आपणच फळीनं पुसायची, पुढच्यासाठी.

झुडपामागची फळी त्यानं न शोधता काढली.

"कितीदा आलायस रे?"

"आई, जॉब गेला. तीन आठवडे झाले. रोज असाच कुठेतरी फिरतो."

"आणि माझा डबा?"

"त्या बाकावर बसून खातो."

"मेल्या, बायकोला सांगितलंस?"

तो फळी ओढत राहिला.

नोकरीमागोमाग व्हिसा जातो, एवढं मला अडाणीलाही कळतं. आत्ता घरी सून विचारतेय, "आई, उद्या डब्याला काय?"

सांगा, डबा भरू की तोंड उघडू?