कमरेचा शेक

सुरतेत रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात. साधी माणसंच नव्हे, दवाखान्यातले डॉक्टरही म्हणतात, "काका, शेक लेवा पडशे." आमच्या खानदेशात शेक म्हणजे गरम पिशवीचा, नाहीतर तव्यावरच्या फडक्याचा. या एका शब्दाच्या आडोशाला मी पाच आठवडे बायकोशी खोटं बोललो.

दोन वर्षांपूर्वी माझं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. लघवीवर ताबा राहिला नव्हता, तेव्हा माझे कपडे हिनं धुतले, तोंड वाकडं न करता. मी बरा झालो म्हणून तिनं आमच्या कुलदेवीचा, कानबाईचा नवस फेडला, भाऊबंद बोलावून प्रसादाच्या रोटांचं जेवण घातलं. यंदा रक्ततपासणीत कॅन्सर दाखवणारा तो मेला आकडा पुन्हा वर चढला. नवस फेडून बसलेल्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की रोग परत आलाय? मी म्हणालो, "कंबर धरेल शे. डॉक्टरनी शेक लेवाले सांगेल शे." तिनं मान डोलावली.

रोज सकाळी एकटाच जायचो. मशीनखाली जाण्याआधी पोटभर पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरलेलं ठेवायचं. ज्याला अजूनही शिंकेला थेंब आवरत नाही, त्याला हे सांगायचं! मशीनवरची मुलगी ओरडायची, "काका, हलशो नहीं." मी दात आवळून पडून राहायचो. दोनदा टेबलावरच झालं. तिनं चादर बदलली. मला तेव्हा मरून जावंसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात खरे भोग सुरू झाले. दर अर्ध्या तासाला संडास, लघवीला आग, आणि शौचाला बसलं की रक्त. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मी तीस वर्षं कापडाच्या रंगाच्या शेड जुळवल्या. किती पाण्यात किती लाल पडलाय हे मला नजरेनं कळतं, आणि ते रोज वाढत होतं.

मी वेदनेनं वाकतो हे बायकोनं पाहिलं. दवाखान्याचा शेक कमी पडतोय, असं तिला वाटलं. ती रोज दुपारी गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची. कमरेला, मग ओटीपोटाला. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी गुमान शेकून घेतलं.

पिशवीच्या पाचव्या दिवशी ओटीपोटाची कातडी लाल होऊन सोलली. फोड आले. डॉक्टर माझ्यावर भडकले, रेडिएशनच्या जागेवर ऊब लावायचीच नसते म्हणाले. घरी आलो तर बायको फोड बघून भिंतीला टेकून बसली. "मनामुळे जयनं," माझ्यामुळेच झालं, एवढंच म्हणत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. त्यानंतर मलम लावताना रोज रडायची. आणि मी रडू दिलं. एक वाक्य बोलायचं होतं, पण ते बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं. आठ दिवस मी भेकडासारखा गप्प बसलो.

नवव्या दिवशी माझ्या धोतरावर रक्त तिला दिसलं. तेही तिच्याच पिशवीनं झालं, असं ती म्हणायला लागली तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, कानबाईचं नाव घेऊन ऊर बडवेल. तिनं हातातल्या मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आठ दिन तुम्ही माले रडू दिधं?"

रोगाबद्दल तिनं काही विचारलं नाही.

शेक संपून आता सहा महिने झाले. रक्त अजून अधूनमधून पडतं. हे असं वर्षानुवर्षं चालू शकतं म्हणतात. आज कसं आहे, असं ती मला विचारत नाही. संडासातून मी पाणी न ओतता बाहेर यायचं, आणि तिनं आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.