कच्च्या लिंबाचा नियम

मला लहानपणी कुणी आउटच करत नसे. ऐकायला बरं वाटतं, पण होतं ते भयंकर. पोलिओमुळे माझा डावा पाय बारीक राहिला होता. त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट असे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमच्या गल्लीत लगोरी असो की डबा ऐसपैस, मी कायमची कच्चा लिंबू. म्हणजे खेळायचं सगळ्यांबरोबर, पण आपल्याला मोजायचं नाही. माझ्यावर कधी राज्य यायचं नाही. पकडली गेले तरी, "जाऊ दे रे, ती कच्चा लिंबू आहे!" आउट झालेली मुलं ओट्यावर रांगेत बसून शेंगदाणे खात आणि आत उरलेल्यांची टिंगल करत. त्या रांगेत मी एकदाही बसले नाही. आई दारातून बजावायची, "तिला सांभाळून घ्या हं." मला आईचा राग यायचा. खरं तर तेव्हा मला सगळ्यांचाच राग यायचा, आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शेजारच्या सिंधी घरातल्या मुलीला, माझ्याहून चार वर्षांनी मोठी म्हणून, आम्ही दीदी म्हणायचो. तिच्या हाँगकाँगच्या मामांनी तिला एक खोका आणला. आत एक जाडसर इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. ना पट, ना सोंगट्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि "मी दार फोडते", "मी विहिरीत डोकावतो" असं आपापलं सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार. दीदी डिक्शनरी घेऊन पुस्तक हिंदीत सांगे, आम्ही ते मराठीत समजून घेत असू, आणि मधे जे गळायचं ते मनाने भरत असू.

तिच्या घराखाली वडिलांचा शर्ट शिवायचा कारखाना होता. सुट्टीच्या दिवशी मशिनी बंद, आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल आमचं. त्यावर शिंप्याच्या खडूने भुयारं काढायची. रिकामी रिळं म्हणजे आम्ही. प्रत्येकाला जीव म्हणून एकेक बटण. जिवावर बेतलं की दीदी फासा टाके. दहाच्या वर आला तर वाचलात, नाहीतर बटण परत डब्यात. मेलेल्याने दिवस संपेपर्यंत भिंतीजवळच्या कापडाच्या गठ्ठ्यावर जाऊन बसायचं. खेळणारे आम्ही तिघं: माझा दादा, दीदीचा भाऊ आणि मी.

सगळ्यांना वाटलं, मी सुसाट पळणारी कुणीतरी होणार. मी कुऱ्हाडवाली झाले. जाडजूड, भांडकुदळ, दारं लाथेने उघडणारी. काय मजा आली म्हणून सांगू! दादा दर खेपेला मरे, दीदीचा भाऊ भुयाराच्या दुसऱ्या खोलीपर्यंत पोचून मरे, आणि माझी कुऱ्हाडवाली सगळ्यांना पुरून उरे. मी गल्लीभर मिरवले. दीड-दोन महिने मला वाटत होतं की मी या खेळात फार हुशार आहे.

दीदी फासा शर्टच्या खोक्याच्या झाकणाआड टाकायची. पुस्तकातच तसं होतं. एकदा तो घरंगळत टेबलाखाली आला आणि माझ्या बुटाच्या पट्टीला लागून थांबला. मी वाकून पाहिलं. तीन. दीदी खाली वाकली, फासा उचलला आणि ओरडली, "सतरा! बच गई!"

"तीन होता," मी म्हणाले.

दादाच समजुतीने म्हणाला, "अगं, चिडतेस काय? आमचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तू कच्चा लिंबू."

मी बटणांचा डबा उधळला. तिघांनाही नको नको ते बोलले आणि घरी आले. पुढच्या दोन सुट्ट्या गेलेच नाही. आईला कारण सांगितलं नाही, कारण ती त्यांचीच बाजू घेणार हे मला माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यात दीदी पुस्तक घेऊन आमच्या घरी आली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "बघ, इसमें लिखा है. खेल चलानेवाला पाहिजे तर कुणाला पण वाचवू शकतो. मी चीटिंग नाही केली."

"मग सगळ्यांना वाचव, नाहीतर कुणालाच नको."

"मर जाएगी तू. पहिल्याच दिवशी."

"मरू दे."

तिचीही चूक नव्हती. ज्याने ते पुस्तक लिहिलं त्याला वाटलं असणार की खेळणाऱ्याला जगायचं असतं. आमच्या गल्लीलाही तेच वाटत होतं. मला मोजलं जायला हवं होतं, आणि हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. दीदीने माझी पेन्सिल मागितली आणि समासात लिहिलं, 'फासा सबके सामने.'

सुट्टीच्या दिवशी गेले तर टेबलाच्या मधोमध स्टीलचं ताट. झाकण गायब. दीदीचा भाऊ लवकरच मेला आणि गठ्ठ्यावर जाऊन बसला. मग मी सवयीने एक दार लाथेने उघडलं, आणि आत जे काही होतं ते माझ्या अंगावर आलं. दीदीने फासा हातात घेतला. फासा ताटात खणखणला. चार.

"हिला एक चान्स दे ना," दादा म्हणाला.

"नाही." दीदीचे डोळे भरले होते. "मर गई तो मर गई." तिने माझं लाल बटण उचललं आणि डब्यात टाकलं.

दीदी पुढे लग्न होऊन परदेशी गेली, मी बदलापूरला आले. तिचे आभार मानायचे राहून गेले. माझ्याशी प्रेमाने वागणारे पुष्कळ भेटले. पण त्या दिवशी मला मारायला तिला जितकं प्रेम लागलं असेल तितकं क्वचितच कुणी केलं, आणि ते मला पुरून उरलंय.

त्या दिवशी बटण डब्यात पडलं तशी मी स्टुलावरून उतरले. लोखंडी बूट वाजवत भिंतीपर्यंत गेले. दीदीच्या भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंडात शेंगदाणे होते त्याच्या. मूठभर माझ्यापुढे केले, म्हणाला, "आ जा, बस," आणि सरकून जागा दिली.