गोळीला ब्रेक

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाळूजच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळलं. टेंपररी कामगारांची हजेरी बघायची आणि एखादा सलग फार महिने कामावर राहिला, की त्याला 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचं. नाहीतर तो पर्मनंट व्हायचा हक्क सांगायचा. हे काम त्यांनी रिटायर होईपर्यंत इमानेइतबारे केलं. रिटायर झाल्यावरही सोडलं नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यांना शुगर होतीच. पुढं रक्तातली चरबीही वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. मी धास्तावले होते. पाचोडचे काका, अण्णांचे सख्खे भाऊ, ही दोन्ही दुखणी अंगावर काढून भर बाजारात बसल्या जागी गेले होते. अण्णा मात्र निवांत. गोळ्यांचा डबा त्यांच्याच ताब्यात, आणि विचारलं की "चालू हाय" एवढंच उत्तर.

प्रत्येक रिपोर्ट आधीच्यापेक्षा वाईट यायचा. डॉक्टरांनी डोस वाढवला, मग जोडीला दुसरी गोळी दिली. आईनं तेल इतकं तोडलं की वांगी कढईलाच चिकटायची आणि आम्ही ती खरवडून खायचो. घरात सगळ्यांची वजनं उतरली, अण्णांचं कोलेस्टेरॉल तेवढं उतरेना.

एकदा त्यांच्या कपाटात चष्मा शोधताना मला गोळ्यांच्या भरलेल्या स्ट्रिपा सापडल्या.

"अण्णा, तुम्ही गोळ्या घेतच नाही?"

"घेतो की. सध्या ब्रेकवर हायेत."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, "सलग घेतली की ती अंगात हक्क सांगती. मग जन्मभर सुटत नाय. म्हणून दोघींना आलटून पालटून घरी बसवतो. अन् रक्त तपासायच्या आधी महिनाभर दोघी बी बंद."

"तपासणीच्या आधी? ते कशाला?"

नवीन कारकुनाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लेबर इन्स्पेक्टर यायच्या दिवशी टेंपररी माणसं गेटच्या आत ठेवत असतात व्हय?"

मला आधी हसू फुटलं आणि मग रडूच आलं. "काकांसारखं तुम्हालाही बाजारातनं उचलून आणायचं का?" मी ओरडले. दुसऱ्या दिवशी अण्णा मुकाट्यानं माझ्याबरोबर दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे इतके दिवस मी तुमच्या ब्रेकवर उपचार करत होतो! गोळी थांबली की चरबी परत वाढते. शुगर असलेल्याच्या हृदयाला तर धोका जास्तच. या दोन्ही गोळ्या आता कायमच्या."

"कायमच्या?" अण्णा पुढं सरकले. "मंजुरी कोण देणार?"

"तुम्हीच. शरीर तुमचं आहे."

येताना पैठण गेटला अण्णांनी रिक्षा थांबवली आणि पेढे घेतले. त्यांच्या कारखान्यात कामगार पर्मनंट झाला की टाइम ऑफिसला पेढे द्यायचा. अण्णांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. "आमच्याकडं दोन जण पर्मनंट झाले," असं सांगत फिरले. शेजाऱ्यांनी माझं आणि माझ्या भावाचं अभिनंदन केलं. आम्ही थँक्यू म्हटलं, दुसरं काय म्हणणार!

स्वतः त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. जेवण झाल्यावर दोन्ही गोळ्या तळहातावर काढल्या.

"लई पोरं घरी बसवली मी," ते म्हणाले. "हातापाया पडायची. त्यातल्या एकाला बी पर्मनंट करायचं माझ्या हातात नव्हतं."

मग त्यांनी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि वर तांब्याभर पाणी प्याले. मी त्यांना आणखी चार गोष्टी सुनावणार होते, ते राहूनच गेलं.