गार्डकाकांचा ‘वॉर्ड’

गार्डकाका कोणत्याही इंग्रजी शब्दाला चौकशी केल्याशिवाय घरात घेत नसत. मी सहज ‘टेन्शन आलं’ म्हटलं, की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “थांब. याचं गाव कोणतं?” मग तो जाडजूड शब्दकोश मांडीवर यायचा आणि माझा चहा निवून जायचा. काकांना जाऊन आता वर्ष होईल. चहा गरम मिळतो, पण आता मीच तो निवू देते.

काका मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतली होती. मी पुसदजवळच्या खेड्यातली. आठवीत शाळा सुटली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या कामामागे रायपूरला आले. इथे सगळ्याचीच भीती वाटायची. काकांशी मात्र आपल्या बोलीत बोलता यायचं, तेवढाच आधार. आडरानात मालगाडी तासन्‌तास उभी राहायची आणि शेवटच्या डब्यात काका एकटे. “ड्रायव्हरले बोलाले जोडीदार असते, गार्डाले काय? म्हणून हा ठोकळा घेतला,” ते शब्दकोशावर थाप मारून सांगायचे. रेल्वेने पुढे गार्डाचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. शेजारचा पोरगा चिडवायला आला, “दादाजी, अब आप मैनेजर कहलाते हैं!” काका म्हणाले, “मॅनेजर चालवते रे भैया. गार्ड राखते. मले राखूनच खाऊ दे.”

मी शंकर नगरच्या एका मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करायचे. तिथली वॉर्डन नोकरी सोडून गेली आणि मालकीणदीदी मला म्हणाल्या, “लड़कियां तुम्हारी सुनती हैं, तुम ही बन जाओ वार्डन.” संध्याकाळी काकांना सांगितलं, “मले नाही जमत काका. वॉर्डन म्हणजे शिकलेली बाई लागते.”

“कोण म्हणते? शब्दाले इचारलं का तू?”

ठोकळा उघडला. दवाखान्यातला वॉर्ड, नगरपालिकेचा वॉर्ड, कोर्टाच्या कागदात अनाथ पोराला म्हणतात तो वॉर्ड, सगळ्यांचं मूळ एकच निघालं: राखण. “इंग्रजाच्या घरीच राहिला तो वॉर्ड. अन् फ्रान्सले जाऊन, बोली बदलून परत आला तो गार्ड. म्हणजे तू वॉर्डन अन् मी गार्ड, चुलतभाऊबहीण,” काका खुशीत आले. “अन् हे पाह्य, लॉर्ड! एवढा तोरा मिरवते, पण मुळात कोण? भाकरीचा राखणदार. तू तं भाकरी थापतेस बी अन् राखतेस बी. लॉर्डाच्या वरची झाली तू.”

मी हसले. काका मात्र हसायचे थांबले.

“पण एक ध्यानात ठेव, सुनंदा. जेलातबी वॉर्ड असते, अन् वॉर्डनबी. राखण करता करता माणूस कधी कोंडवाडा करते, त्याचं त्यालेच समजत नाही. ज्याले राखतो, त्याले आधी इचाराचं.”

दुसऱ्या दिवशी मी दीदींना हो म्हटलं. शाळा सोडल्यापासून एवढ्या मोठ्या गोष्टीला पहिल्यांदाच हो म्हटलं असेल.

महिनाभरातच माझी परीक्षा आली. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा चुलता दुपारी जीप घेऊन आला. घरच्यांनी लग्न ठरवलंय, आत्ताच्या आत्ता सामान बांधा म्हणाला. त्याच दिवशी गार्डकाका होस्टेलात आले होते. पंख्याखाली बसून माझं काम आटपायची वाट पाहत होते, आम्हाला मिळून गोल बाजारात जायचं होतं. मी त्या माणसाला फाटकाबाहेर थांबवलं, वर गेले, दार लावून मुलीला विचारलं. ती म्हणाली, “दीदी, मुझे परीक्षा देनी है. मां को भी नहीं पता कि ये आए हैं.” तिच्या आईला फोन लावला. आई रडली, पण म्हणाली, “मत भेजना.”

मी खाली येऊन सांगितलं, “लड़की नहीं जाएगी.”

“तुम होती कौन हो? रोटी बनाने वाली!” तो ओरडला. मग त्याची नजर काकांकडे गेली. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा. “बाबूजी, आप बड़े हैं, आप समझाइए इसको.”

मलाही तेच हवं होतं. काका उठतील, दोन शब्द सुनावतील, माझ्यावरचं निभावेल. काका उठले, फाटकापर्यंत आले आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले.

“वार्डन ये हैं,” ते म्हणाले. “इनसे बात कीजिए.”

पुढे मला बोलावंच लागलं. काय बोलले ते धड आठवत नाही. आवाज माझाच होता आणि तो फाटला नाही, एवढं आठवतं. जीप धूळ उडवत गेली. पाचच मिनिटांत मालकीणदीदींचा फोन. त्या माणसाने वाटेतूनच तक्रार केली होती.

“किससे पूछकर रोका तुमने?” दीदी तापल्या होत्या. नोकरी गेलीच असं वाटलं. मागे वळून पाहिलं, तर काका चपला घालत होते. माझ्याकडे पाहतही नव्हते.

“लड़की से पूछकर, दीदी,” मी म्हणाले.

दीदींचा आवाज खाली आला. छत्तीसगढी होकार देत त्या म्हणाल्या, “हव. ठीक किया.”