ओसरीवरचं दुकान

हे गेले त्याला दीड महिना झाला. सकाळी फिल्टरमधून कॉफी उतरायची वाट बघत मी उभी होते, मुलाने आतून हाक मारली आणि त्याच्या आवाजावरूनच सगळं कळलं. भेटायला येणारे म्हणतात, सुटले. मीही मान डोलावते. पण नक्की कोण सुटलं आणि कधी, हे मला अजून उमगलेलं नाही…

मी सांगलीची. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा यांचं पिढ्यान्‌पिढ्या तंजावर मुलखात जपलेलं मराठी ऐकून मला हसू आवरेना. 'मजला ठाऊक नाहीं' म्हणायचे. बखरीतला माणूस नवरा म्हणून मिळाला, असं मी माहेरी कळवलं होतं. घराचा नियम एकच, उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. यांचं समयांचं दुकान होतं. नाचियारकोविलहून पितळी माल आणायचा आणि गोड तमिळमध्ये विकायचा. एक दिवस मात्र यांनी एका बाईला वात कशी लावायची ते चक्क मराठीत समजावलं. तिला वाटलं मंत्र आहे, तिने हात जोडले. आम्ही आठवडाभर हसलो. आयुष्यभराचा नियम मोडला होता आणि आम्ही हसत होतो, याची आता लाज वाटते.

मग भाव विसरू लागले. एकदा नाचियारकोविलला बसमधून उतरले आणि कशाला आलो तेच आठवेना. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. नवीन आठवणी आधी जातात, जुन्या शेवटी, असं समजावलं. मी मनात हिशेब केला, बेचाळीस वर्षांचा संसार, म्हणजे मी बरीच टिकेन. पुढे शर्टाची बटणं लावणं गेलं, घास गिळणं अवघड झालं. त्याचं मला काही वाटलं नाही. फक्त मला ओळखावं, एवढंच हवं होतं.

दुकान मुलाने हातात घेतलं, तेव्हापासून हे रोज दहाला ओसरीवर जाजम घालून बसू लागले. एका संध्याकाळी मी कॉफी घेऊन गेले, तर हे अर्धवट उठले आणि तमिळमध्ये अदबीने म्हणाले, "या, बसा. कोणती समई दाखवू?" बेचाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी उठले नव्हते. रडावं की सुखावावं, कळेना. मी बसले. देवघरासाठी हवी, म्हटलं. पितळेबद्दल छान बोलले, मग अस्वस्थ झाले. "आज लवकर बंद करतो. घरी बायको वाट बघते. लांबून आलेली आहे, उशीर झाला की रुसते."

मी तोंड उघडलं. मराठीत एक शब्द बोलले असते तर कदाचित ओळखलं असतं. कदाचित घरी वाट बघणारी तीही पुसली गेली असती… मी तमिळमध्येच म्हटलं, "मग जा ना घरी."

हे उठले, उपरणं झटकलं, दोन पायऱ्या उतरले आणि वळून मलाच विचारलं, "घर कुठल्या बाजूला, अम्मा?"

मी हात धरून आत नेलं. आत आल्यावर हे खोलीभर कुणाला तरी शोधत राहिले. मी समोरच उभी होते.

अजूनही दहा वाजता मी ते जाजम अंथरते. मुलगा विचारतो, कशाला? मी जाजमाच्या चुण्या काढते. बसते मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूला. बायको तर घरात वाट बघत असते ना…